परक्या उंबऱ्यावरचा नारळ

पोरं सांभाळायला शिकावं लागतं असं मला तेव्हा कोणी सांगितलं असतं, तर मी त्याच्या तोंडावर हसले असते. मंडणगडकडच्या आमच्या गावात मी घरातली थोरली. पाठची चार भावंडं माझ्या कमरेवर वाढली. त्यामुळे १९९८च्या दिवाळीनंतर रत्नागिरीच्या मावशीने निरोप धाडला की इथे एका पाळणाघरात मुलगी हवी आहे, तेव्हा मी पिशवी भरली ती हेडमास्तरणीच्या तोऱ्यात. बारावी झाली होती, डी.एड.ला नंबर लागला नव्हता, आणि गावी बसून राहिले असते तर दर रविवारी कुणीतरी कांदेपोहे खायला आलं असतं. त्यापेक्षा पोरांची शी-शू परवडली, असं म्हणून मी एस.टी.त बसले.

पाळणाघर म्हणजे बालवाडीतून निवृत्त झालेल्या एका शिक्षिकेचं घर. सगळे त्यांना बाई म्हणत. घर चिऱ्याचं, पुढे ओटी, ओटीपुढे तांबड्या मातीचं अंगण आणि अंगणात एक फणस. ओटीवर दोन पाळणे टांगलेले, सतरंज्या अंथरलेल्या, भिंतीतल्या फडताळात डब्यांची रांग. मुलं अकरा. कुणाची आई शिक्षिका, कुणाची नर्स, कुणाची कचेरीत कारकून. पावणेदहाला पोरं यायची. साडेपाचला आम्ही त्यांची तोंडं आणि हात धुवून, पावडर लावून त्यांना ओटीवर ओळीने बसवायचो, की आया यायला लागायच्या.

पहिल्या दिवशी बाईंनी मला कोपऱ्यात एक पाट दिला. म्हणाल्या, "आज काही करू नकोस. नुसतं बघ."

मला राग आला. माझं नाक तेव्हा फार लवकर फुगायचं, अजूनही फुगतं. मी म्हटलं, "त्यात बघायचं काय? पोरं रडतात, खातात नि झोपतात."

"कोण कसं रडतं ते बघ," एवढंच म्हणून त्या आत गेल्या.

संध्याकाळपर्यंत मी बघत बसले. एका मुलीला झोप आली की ती दुसऱ्यांचे कान ओढते. एक पोरगा भूक लागली की रडत नाही, दारापाशी जाऊन आपल्या चपला घालतो. कमरेवर वागवलेल्या माझ्या चार भावंडांपैकी कोण कसं रडायचं ते मला आठवेना. ही गोष्ट मी बाईंना बरेच दिवस सांगितली नाही.

त्या अकरांत सगळ्यात धाकटा आठ महिन्यांचा होता. गुबगुबीत, अबोल, आणि कुणाकडे बघायला लागला की पापणी न हलवता बघणारा. त्याचे वडील बोटीवर नोकरीला, वर्षातले दहा महिने समुद्रावर. घर खाडीच्या अंगाला. घरात आजोबा अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले, आणि आजी त्यांच्या सेवेत अडकलेली. म्हणून हा आमच्याकडे. त्याची आई सरकारी कचेरीत कारकून होती. मी तिला वहिनी म्हणायची. संध्याकाळी ती धावतपळत यायची, पण फाटकापाशी क्षणभर थांबायची, रुमालाने तोंड पुसायची, आणि मग हसत आत यायची. पोराला दमलेली आई दिसू नये म्हणून. आल्या आल्या तिचा एकच प्रश्न, "आज काय केलंन?"

मीही खुशाल सगळं सांगायची. किती पेज खाल्लीन, किती वेळा शिंकलान, कुणाचे केस ओढलेन. माझं काम किती चोख आहे ते तिला कळायला नको?

डिसेंबरातली संकष्टी शनिवारी आली. बाई पहाटेच हेदवीला गणपतीच्या दर्शनाला गेल्या. शनिवार, त्यातून पाचच मुलं आलेली, त्यामुळे त्यांनी माझ्यावर सोपवलं. मी नाचणीचं सत्त्व वाटीत घेऊन स्वयंपाकघराकडून ओटीवर आले. हा धाकटा आतल्या खोलीत होता. वाटीत चमचा वाजला तशी त्याने मान वर केली आणि रांगत निघाला. मध्ये उंबरा, चारच बोटं उंच. त्याने एक हात पलीकडे टाकला, मग दुसरा, आणि पोट उंबऱ्यावर अडकलं. तिथे तो पुढे-मागे झुलायला लागला. मी श्वास रोखून बघत होते. शेवटी डोक्यावर पलीकडे कोलमडला, उठून बसला, आणि रडायचं सोडून माझ्याकडे बघायला लागला.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! आमच्या घरी पोराने पहिल्यांदा उंबरा ओलांडला की त्या उंबऱ्यावर नारळ वाढवतात. नाही वाढवला तर पोर घरात ठरत नाही म्हणतात. मी धावत गेले, बाईंच्या स्वयंपाकघरातला नारळ आणला, उंबऱ्याला कुंकू लावलं आणि नारळ वाढवला. पाचही पोरांच्या तोंडात खोबरं-साखर घातली. अर्धी वाटी वर्तमानपत्रात गुंडाळून वहिनीसाठी ठेवली. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, मी तर दोन्ही गुडघ्यांना बांधलं.

संध्याकाळी ती फाटकातून येते न येते तोच मी ओरडले, "वहिनी, तोंड गोड करा! लेकाने उंबरा ओलांडलान! मी नारळसुद्धा वाढवला!"

तिने पुढे केलेला हात जरा थांबला. मग तिने पुडी घेतली. "हो का? बरं झालं," म्हणाली. मी आपली सांगतेच आहे. पोट कसं अडकलं, तो कसा झुलला, हे मी तिला ओणवी होऊन दोनदा करून दाखवलं. तिने पोराला उचललं आणि नेहमीपेक्षा लवकर निघून गेली.

सोमवारी तो आला नाही. मंगळवारीही नाही. बाईंनी विचारलं, "शनिवारी काही झालं का गो?" मी सांगितलं, आणि खरं सांगते, तेव्हाही मी ते कौतुकानेच सांगत होते. बाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"इथे कुठलंही पोर कुठलीच गोष्ट पहिल्यांदा करत नाही," त्या म्हणाल्या. "पहिला दात इथे येत नाही, पहिला शब्द इथे फुटत नाही, पहिलं पाऊल इथे पडत नाही. झालंच, तर आपण बघितलेलं नसतं. पहिलं जे काय असेल ते घरी. आया दिवसभर पोर आपल्या हवाली करतात. तेवढं तरी त्यांचं त्यांच्याकडे राहू दे."

"मग काय खोटं बोलायचं?"

"गप्प बसायचं. त्याला खोटं लागत नाही."

"मला आधी सांगायचंत!" माझा आवाज चढला.

"चुकलं माझं," बाई शांतपणे म्हणाल्या. "हे सांगावं लागेल असं वाटलं नव्हतं."

त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बुधवारी संध्याकाळी, सगळी मुलं गेल्यावर, वहिनी एकटीच आली. पोराची दुपटी आणि औषधाची बाटली न्यायला. पहिला नारळ परक्या उंबऱ्यावर फुटला, आता पोर घरचं राहत नाही, म्हणून सासूबाईंनी सांगितलं होतं की पोर परक्याच्या दारात पाठवायचं नाही, नोकरी सोडायची. राजीनाम्याचा अर्ज लिहून तिने पर्समध्ये ठेवला होता, सोमवारी द्यायचा होता. "या नोकरीसाठी मी लग्नाआधी तीन वर्षं परीक्षा दिल्या हो बाई," ती म्हणाली आणि ओटीच्या कडेवर बसून रडायला लागली. मी तेच दुपटं घडी घालत होते, मोडत होते, पुन्हा घालत होते. माझ्या हौसेपायी एका बाईची नोकरी चालली होती. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

बाईंनी पदर खोचला, कोनाड्यातला एक नारळ पिशवीत टाकला आणि मला म्हणाल्या, "चल. नारळ तू फोडलास, तोंडही तूच दाखव."

वहिनीबरोबर जाताना मी वाटेवर मनातल्या मनात भांडणाची तयारी करत होते. सासू म्हणजे कजाग असणार, ती एक बोलली तर मी दोन बोलणार. घरी पोचलो तर एक बुटकी, वाळकी आजी आजोबांच्या लुळ्या हाताला तेल चोळत बसलेली. तिने हात पुसले, आम्हाला कोकम सरबत दिलं आणि समोर बसली. आवाज चढवला नाही.

"तुमच्यावर राग नाय माझा," ती म्हणाली. "पण माझा मुलगा असाच लहान असताना मी शेजारी भात कांडायला गेलेली. तिथे उंबरा ओलांडलान. शेजारणीने हौसेने नारळ फोडलान. आणि काय झालं? सोळाव्या वर्षी घराबाहेर पडला. वर्षातले दोन महिने माझा, बाकीचा समुद्राचा. म्हाताऱ्याला झटका आला तेव्हा तो कुठल्या देशात होता ते पण आमाला ठाऊक नव्हतं. आता नातवाचं पण तसंच व्हायचं असलं तर..." ती नातवाकडे बघत राहिली.

माझं सगळं भांडण तिथेच विरघळलं. नारळाने माणूस बोटीवर जात नाही, हे मला कळत होतं. तिला कळत नसेल असंही नाही. पण इतकी वर्षं वाट बघणाऱ्या बाईला कशाला तरी बोल लावावाच लागतो, आणि नारळ बिचारा उलटून बोलत नाही.

बाईंनी सरबत संपवलं. "तुमच्या घरचा उंबरा ओलांडलाय का त्याने?"

"नाय. आमचा वीतभर उंच."

"मग पहिला नारळ तुमचाच. आमचा कसला उंबरा? दाराखालची पट्टी ती."

आजीला ते पटलं. पोराला माजघरात आजीजवळ बसवलं आणि वहिनी, बाई नि मी अशा आम्ही तिघी उंबऱ्याच्या अलीकडे, चुलीच्या बाजूला. मी खुळखुळा वाजवला, किल्ल्या वाजवल्या, वाटीत चमचा वाजवला. वहिनीने हाका मारल्या. तो मजेत पायाचा अंगठा चोखत आमच्याकडे बघत होता. पाव तास झाला. आजी कंटाळली. "म्हाताऱ्याच्या चहाची वेळ झाली," म्हणून पोराला वळसा घालून, उंबरा ओलांडून चुलीकडे निघाली, तसा हा अंगठा सोडून तिच्या पदरामागे निघाला. वीतभर उंबऱ्यावर छाती टेकली, कण्हला, कुंथला, आणि धप्पकन पलीकडे! आम्ही तिघी एकदम ओरडलो. आजीने वळून बघितलं तेव्हा तो तिच्या पायाशी बसलेला होता. तिने तिथेच खाली बसून त्याला पोटाशी धरलं. आजोबा आतून काहीतरी विचारत होते.

नारळ तिनेच वाढवला. आम्हाला खोबरं देताना मात्र म्हणाली, "उद्यापासून पाठवते. पण एक सांगते. पहिलं पाऊल ह्या घरात पडलं पायजे. बाहेर पडलं आणि माझ्या कानावर आलं, तर हिने दुसऱ्या दिवसापासून घरी बसायचं."

वहिनीने सासूकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं.

पुढचे तीन महिने माझी काय अवस्था होती ते मलाच ठाऊक. पोरगा पाळण्याला धरून उभा राहायला लागला की मी जाऊन त्याला खाली बसवायची. तो उठायचा, मी बसवायची. एक दिवस बाईंनी माझा हात धरला. "त्याच्या पायांनी काय पाप केलंय? राहू दे उभा." मग मी सोडून दिलं, पण माझा जीव टांगणीलाच. त्या पर्समधला अर्ज फाडून टाकला आहे की नाही, हे वहिनीला विचारायचा धीर मला झाला नाही.

मार्चातली दुपार. बाकीची मुलं झोपलेली, बाई आत पडलेल्या. हा काही झोपेना म्हणून मी त्याला अंगणात घेऊन आले. फणसाच्या बुंध्याला धरून तो उभा होता. झाडावरून गळलेली फणसाची एक कोवळी कुयरी चार हातांवर पडली होती. त्याने तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा तिच्याकडे. आणि बुंधा सोडला. एक. दोन. तीन. चार. मग फतकल मारून खाली बसला, कुयरी हातात घेतली आणि हसला.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धावत जाऊन गावभर सांगावंसं वाटलं, आणि सांगायचं कुणाला? आजूबाजूला बघितलं. शेजारच्या दोन कोंबड्या सोडल्या तर साक्षीला कोणी नव्हतं. त्याला उचललं आणि बघते तर पायांचे तळवे तांबडेलाल. रोज त्याचे गुडघे लाल असायचे, पायाची बोटं वरून लाल असायची. तळवे नाही. तळवे लाल म्हणजे पोर चाललं, हे आजीच्या लगेच ध्यानात येणार. न्हाणीत नेऊन मी त्याचे पाय चोळून चोळून धुतले. तळवे, टाचा, गुडघे, बोटांच्या मधल्या बेचक्या. कोरड्या फडक्याने पुसले, वर पावडर लावली. आणि साडेपाचपर्यंत त्याला कमरेवरून खाली ठेवला नाही. बाईंनी एकदा बघितलं आणि चहा टाकायला आत गेल्या.

वहिनी आली. "आज काय केलंन?"

"काही नाही. पेज खाल्लीन. झोपला."

ती पोराला घेऊन गेली, आणि मी आत जाऊन दोन तांबे पाणी प्यायले.

दोन दिवसांनी ती आली ती फाटकात न थांबताच. हातात खोबऱ्याची वाटी. "काल घरी पाऊल टाकलंन! चार पावलं! सासूबाईंच्या डोळ्यांदेखत!"

"अय्या, खरंच?" मी टाळी वाजवली, पोराचा मुका घेतला, त्याला विचारलं, "लबाडा, आम्हाला नाही दाखवलंस ते?" नाटकात काम केलं असतं तर बक्षीस मिळालं असतं. आत बाई खोकल्या. ती गेल्यावर बाहेर येऊन माझ्या हातातलं खोबरं मोडून त्यांनी अर्धं तोंडात टाकलं. "जमलं हो तुला," म्हणाल्या. त्यांना सगळं ठाऊक होतं. कसं, ते मी विचारलं नाही. या कामात माझी सुरुवात कधी झाली असं कोणी विचारलं तर मी दिवाळीनंतर झाली असं सांगते, पण मनात मी त्या दिवसापासून मोजते.

तो पुढे शाळेत गेला. माझं लग्न रत्नागिरीतच झालं. बाई थकल्या, तेव्हा पाळणे, सतरंज्या आणि डब्यांचं फडताळसुद्धा त्यांनी मला दिलं, आणि माझ्या घरच्या ओटीवर माझं पाळणाघर सुरू झालं. २००८च्या उन्हाळ्यात वहिनी पेढे घेऊन आली. तिला बढती मिळाली होती. सासूबाई आदल्या वर्षी गेल्या. बरोबर तो दहा वर्षांचा मुलगा, अजूनही पापणी न हलवता बघणारा.

"मोठा होऊन काय होणार रे तू?" मी विचारलं.

"बोटीवर जाणार. बाबांसारखा."

वहिनीने माझ्याकडे बघितलं आणि आम्ही दोघी हसलो. पण माझं हसू टिकेना. त्याला आत खेळायला पाठवून मी म्हटलं, "वहिनी, रागावू नका. त्याचं पहिलं पाऊल तुमच्या घरात पडलं नव्हतं. बाईंच्या अंगणात पडलं."

"ठाऊक आहे."

"कसं?"

"मला कुठलं कळायला? मी येऊन भाकऱ्या थापायला बसलेली. सासूबाई रोज संध्याकाळी त्याला मांडीवर घेऊन त्याचे पाय धुवायच्या, माती काढायच्या. त्या दिवशी पाणी घेऊन बसल्या, तर धुवायला काही नाहीच. पाय पांढरेस्वच्छ, वर पावडरीचा वास. त्यांनी पाय हातात धरले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, 'आज पाय धुवून पाठवलान गो.' माझी भाकरी तव्यावर करपली. तो अर्ज तेव्हा कपाटात होता अजून."

"मग?"

"मग काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर नारळ सोलून ठेवलेला. म्हणाल्या, 'आज टाकील पाऊल.' आणि मी कचेरीतून आल्यावर माझ्यासमोर त्याला उभा केला, हात सोडले. चार पावलं टाकली त्याने. चार घरी खोबरं वाटत फिरल्या. 'घरात टाकलंन, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.'" वहिनीने पेढ्यांच्या खोक्याची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली. "मी त्यांना शेवटच्या आजारपणात विचारलं, तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत? तर म्हणाल्या, 'माझ्या वेळची शेजारीण नारळ फोडून मोकळी झाली. ह्या पोरीने तुझ्यासाठी पोराचे पाय चोळून धुतलेन. तिचं अंगण परकं कसं गो?'"

आत तो पोरगा पाळणा हलवत होता, त्याची कडी कुरकुरत होती. तेव्हा न्हाणीत बसून मी किती शहाणी समजत होते स्वतःला!

आता माझ्याकडे रोज पाच वाजता सगळ्या मुलांचे पाय धुतात. चालणाऱ्यांचे, रांगणाऱ्यांचे, आणि पाळण्यातल्या तान्ह्यांचेसुद्धा. कामाला नवीन मुलगी आली की ती हटकून विचारते, ज्याने अजून जमिनीला पाय लावला नाही त्याचे पाय कशाला धुवायचे? मी सांगते, आपल्याकडे तशी पद्धत आहे.